भट्टीच्या खोलीचं छत

आपल्या मेसमध्ये भात येईपर्यंत सगळे ताटाकडे बघत बसतात. मी मागच्या वर्षीपासून वर बघतो. मुलांना वाटतं हा प्रेमात पडलाय. तसं काही नाही. घरच्या एका काळ्या छताने मला दोन सुट्ट्या पुरतं गुंतवून ठेवलं आणि तेव्हापासून कुठेही गेलो तरी नजर आधी वर जाते. त्या छताची ही हकीगत आहे. सिव्हिलच्या मुलांना उपयोगी पडेल, केमिकलवाल्यांना त्यांचाच विषय वाटेल आणि बाकीच्यांचीही घरं कधीतरी रंगवायला निघणारच आहेत.

आमचं गाव भूम तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद आणि २०२३ पासून अधिकृतपणे धाराशिव झालेल्या जिल्ह्यात. भूम म्हटलं की खवा. कुंथलगिरीचा पेढा ज्यांनी खाल्लाय त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून घरोघरी दुभती जनावरं आणि गावोगावी खव्याच्या भट्ट्या. आमची पण होती. मोठी लोखंडी कढई, खाली बाभळीची लाकडं नाहीतर तुराट्या, आणि वर लांब उलथनं घेऊन घामाघूम झालेले अण्णा, म्हणजे माझे वडील. आईपण असायचीच, पण श्रेय अण्णांना मिळायचं!

घर जुनं माळवदाचं. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगडमातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर सरे, त्यावर फळ्या नाहीतर काटक्या आणि त्या सगळ्यावर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायची म्हणजे गळत नाही. उन्हाळ्यात आत गारवा असतो, पंखासुद्धा लागत नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात आणि आपल्या जिल्ह्यातल्या उमरगा-सास्तूर भागात सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक घरातच, दगडाच्या भिंती आणि मातीची छतं अंगावर येऊन. आमच्या भूमकडे भांडी वाजली, भिंतींना चिरा गेल्या, माणसं वाचली. मी तेव्हा जन्मालाही आलो नव्हतो. पण त्यानंतर अण्णांनी माळवदाची इतकी धास्ती घेतली की १९९६ साली पैसे जमवून घराच्या मागच्या अंगाला दहा बाय बाराची एक स्लॅबची खोली बांधली. घरात निदान एक तरी खोली 'पक्की' असावी म्हणून. पुढे त्याच खोलीत भट्टी बसली आणि वीसेक वर्षं चालली.

आता थोडं गणित करू. साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा पडतो. आमच्याकडे रोज साठ लिटर दूध आटायचं, म्हणजे बारा किलो खवा. उरलेलं अठ्ठेचाळीस किलो वजन गेलं कुठे? वाफेच्या रूपाने वर. रोज तीनेक घागरी पाणी त्या खोलीच्या हवेत सोडलं जात होतं आणि बाहेर जायला एक दार व एक फुटाचा झरोका. पाण्याबरोबर लाकडाचा धूर. वीस वर्षांत ते छत असं झालं होतं की लहानपणी मला वाटायचं स्लॅब काळ्याच रंगाचा असतो.

२०१७ साली भट्टी बंद झाली. दूध डेअरीला जायला लागलं. आजीला दम्याचा त्रास होताच. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं, पण चाळीस-पन्नास वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाईला हे सांगून उपयोग काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एकट्या २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. आकडा वाचला की मोठा वाटतो, पण रात्री शेजारच्या खाटेवर आजीची छाती वाजत असली की तो आकडा डोक्यात राहत नाही.

तर ठरलं असं की भट्टीची खोली साफ करून, रंगवून आजीला द्यायची. माळवदातून अधूनमधून माती झडते, तिचा तिला त्रास व्हायचा. मागच्या दिवाळीला मुहूर्त निघाला. पेंटर आले. त्यांनी केरसुणीने जळमटं काढली, वरवर पोलीस कागद फिरवला आणि ऑईल बाउंड डिस्टेंपरचा एक हात मारला. दुसरा मारला. छत पांढरंशुभ्र. अण्णांचा चेहरा उजळला. आजी म्हणाली, "पांढरं केलंस रं, पर हे ऱ्हाईल का?"

नाही राहिलं. तुळशीच्या लग्नाच्या आतच चहा सांडल्यासारखे पिवळे-तपकिरी डाग वर आले. पेंटरमामांनी तिसरा हात मारला, स्वतःच्या खर्चाने. आठ दिवसांत पुन्हा डाग, आणि आधीपेक्षा गडद. चौथ्यासाठी ते आलेच नाहीत. फोनवर म्हणाले, "ओल असल तुमच्या स्लॅबला." कार्तिकात, आमच्या भागात, ओल! मला फोन आला तेव्हा मी सबमिशनच्या गडबडीत होतो. अण्णा म्हणाले, "तू विंजिनेर होणार ना? मग सांग हे काय आहे." मला सांगता आलं नाही. तीन वर्षं बिल्डिंग मटेरियल्स, काँक्रीट टेक्नॉलॉजी, सगळं पास केलेलं, आणि छताला डाग का पडतो ते माहीत नाही. त्या लाजेपोटी मी अभ्यासाला लागलो.

पहिली गोष्ट कळली ती ही, की धुराचा डाग म्हणजे एक पदार्थ नाही, दोन आहेत. एक काजळी. म्हणजे नीट न जळलेल्या कार्बनचे अतिसूक्ष्म कण. हे काळे असतात, दिसायला भयंकर, पण पाण्यात विरघळत नाहीत. एकदा रंगाखाली गाडले की तिथेच राहतात. दुसरा पदार्थ डांबरट. लाकडात लिग्निन नावाचा घटक असतो. तो अर्धवट जळला की फिनॉल जातीची संयुगं आणि बरेच चिकट, तपकिरी पदार्थ तयार होतात. गरम असताना ते वाफ असतात, गार छताला लागले की तिथे बसतात. आमच्याकडे तर सोबतीला दुधाची वाफ होतीच. ती छतावर थंड होऊन पाणी व्हायची आणि हा तपकिरी अर्क सिमेंटच्या छिद्रांत आत खोल शिरायचा. आपण घाबरतो काळ्याला आणि रंगाचे डबे वाया घालवतो तो तपकिरी.

डिस्टेंपर काय किंवा प्लॅस्टिक इमल्शन काय, हे पाण्यातले रंग. ओला हात छताला लागला की त्यातलं पाणी आत मुरतं. तपकिरी अर्कातला विरघळणारा भाग त्या पाण्यात उतरतो. मग रंग वाळायला लागतो. पाण्याला बाहेर पडायला एकच वाट, रंगाचा पृष्ठभाग. पाणी उडून जातं, अर्क उडत नाही. तो तिथेच, अगदी वरच्या थरात, बसतो. शाळेत आपण खडूवर शाईचा ठिपका देऊन खडू पाण्यात उभा केला होता, आठवतं? शाईतले रंग खडूवर चढत जातात. आमचं छत म्हणजे तो खडू. म्हणूनच पेंटरमामांनी जितके हात जास्त मारले तितकं पाणी जास्त गेलं आणि तितके डाग जास्त वर आले. ओल होतीच, पण ती त्यांच्याच डब्यातली!

चुन्याचं काय, असं एका मित्राने विचारलं. चुना तर आणखी वाईट. फिनॉल आम्लधर्मी, चुना अल्कधर्मी. अल्कात फिनॉल साध्या पाण्यापेक्षा सहज विरघळतं. पांढरा चुना लावा आणि दोन दिवसांनी हळद लावल्यासारखा पिवळा झालेला बघा. खेड्यातल्या स्वयंपाकघरांना दरवर्षी चुना मारूनही ती पिवळीच का दिसायची, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

उपाय तीन पायऱ्यांचा आहे. सुकं झाडणं, धुणं, आणि मग डाग अडवणारा एक थर देणं. त्यावर रंग.

सुकं झाडणं आधी आणि अगदी मन लावून. काजळीवर थेट ओलं फडकं मारलं की ती चिखलासारखी पसरते आणि छिद्रांत जाऊन बसते. आधी मऊ कुंचा, मग कणकेचा गोळा. हसू नका. घट्ट भिजवलेल्या कणकेत मीठ घालून गोळा करायचा आणि तो छतावर दाबत, फिरवत न्यायचा. काजळी गोळ्याला चिकटते. बाहेरचा भाग काळा झाला की पुन्हा मळून आतला स्वच्छ भाग वर आणायचा. अमेरिकेत घराघरांत दगडी कोळशाच्या शेगड्या होत्या तेव्हा भिंतीच्या कागदावरची काजळी काढायला असाच पिठाचा लगदा डब्यातून विकला जायचा. पुढे गॅस आणि तेलाची शेगडी आली, काजळी संपली, धंदा बसला. मग १९५६ साली तोच लगदा मुलांचं खेळणं म्हणून बाजारात आला. तेच आजचं 'प्ले-डो'. आईने मात्र कणीक वाया घालवली म्हणून चार गोष्टी सुनावल्या. तिचंही बरोबर. पोरं मेसमध्ये ज्या चपात्या टाकून देतात त्यांची कणीक ह्या कामाला सरस ठरेल असं माझं प्रामाणिक मत आहे.

मग धुण्याचा सोडा. दहा लिटर कोमट पाण्यात दोन मुठी. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, कारण छत धुताना सगळं पाणी आपल्याच तोंडावर येतं. स्पंजने लहान लहान भाग धुवायचा. आणि इथे वर सांगितलेलं शास्त्र उलटं कामाला येतं. अल्कात तपकिरी अर्क विरघळतो हे रंगाच्या वेळी संकट होतं, धुताना तेच वरदान. बादलीतलं पाणी बिनदुधाच्या चहासारखं होत गेलं. अकरा बादल्या मोजल्या मी. अकरावीतही रंग होताच. तेव्हा कळलं की सगळा अर्क धुऊन निघणं शक्य नाही, काही आत राहणारच. पण धुण्यामुळे वरचा तेलकटपणा जातो आणि पुढचा थर चिकटतो.

भिंती धुताना खालून वर जायचं, हे एक जाता जाता सांगतो. वरून खाली आलात तर सोड्याच्या ओघळांचे पट्टे कोरड्या काळ्या भिंतीवर उमटतात आणि ते पुन्हा जात नाहीत.

आता डाग अडवणारा थर. परदेशी पुस्तकांत आणि मोठ्या शहरांतल्या दुकानांत ह्यासाठी तयार प्राइमर मिळतात. भूममध्ये मी विचारलं तर दुकानदाराने वॉटरप्रूफिंगचा डबा पुढे केला. पण त्या तयार प्राइमरांपैकी एका जातीत मूळ द्रव्य काय असतं, तर लाख! आपली चपडा लाख, सुतार फ्रेंच पॉलिशला वापरतात ती. लाख पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. तपकिरी अर्कावर लाखेचा पातळ पापुद्रा दिला की वरच्या डिस्टेंपरचं पाणी खाली उतरतच नाही. पाणी उतरलं नाही म्हणजे अर्क वर यायला वाहन नाही. जगात सर्वांत जास्त लाख आपल्या देशात होते. एक लिटर स्पिरिटला अडीचशे ग्रॅमच्या आसपास चपडा घेतला, बरणीत रात्रभर ठेवून अधूनमधून हलवला आणि दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळला. स्पिरिट पेट घेतं आणि त्याची वाफ विषारी असते. तेव्हा दारं-खिडक्या उघड्या, चूल-उदबत्ती बंद, बिडी ओढणाऱ्याला अंगणाबाहेर.

मी एक हात मारला आणि शेखी मिरवत अण्णांना बोलावलं. अण्णांनी वर बघितलं आणि म्हणाले, "हे जांभळं काय आलंय?"

एका कोपऱ्यात, हातभर जागेत, लाख जांभळट होऊन चिकट राहिली होती. बोट लावलं की निघायची. बाकी सगळीकडे तासाभरात खडखडीत वाळलेली. रात्रभर झोप नाही. मग लक्षात आलं, तो कोपरा मी संध्याकाळी दिवे गेले तेव्हा घाईत सोडला होता. सोडा लावला, पण साध्या पाण्याने पुन्हा धुतलाच नाही. लाख पाण्याला दाद देत नाही, पण अल्कात विरघळते. आणि तिच्यात जो नैसर्गिक रंग असतो तो अल्कात जांभळट होतो. म्हणजे लाखेनेच मला लिटमससारखं दाखवून दिलं की सोडा राहिलाय.

तो कोपरा स्पिरिटने पुसून पुन्हा धुतला. ह्या वेळी तपासणीला हळद घेतली. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदावर धुतलेल्या पाण्याचा थेंब टाकायचा. लालभडक झाला तर सोडा आहे. शेजारी बोअरच्या साध्या पाण्याचा थेंब तुलनेला ठेवायचा. दोन्ही सारखे दिसले की धुणं संपलं. आजीला हा प्रकार फार आवडला. कुंकू हळदीतूनच करतात हे तिला ठाऊक होतं, चुन्याने हळद लाल होते हेही ठाऊक होतं. म्हणाली, "ह्येच शिकाया एवढी फी भरतो का रं तुझा बाप?"

लाखेचा विषय निघाला म्हणून अजिंठ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा, १९२०-२२ च्या सुमाराला, निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी ह्या दोन तज्ज्ञांना आणलं. चित्रांवर शतकानुशतकांची काजळी आणि घाण होती. तज्ज्ञांनी सुटलेला गिलावा पक्का केला, ते काम मोलाचं होतं. पण रंग पक्के व्हावेत म्हणून चित्रांवर लाखेचा थरही दिला. सुरुवातीला चित्रं उजळली. वर्षं गेली तशी लाख पिवळी पडली, काळवंडली, तडकली आणि चित्रं तिच्याखाली अंधारली. पुढे आपल्या पुरातत्त्व विभागाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर हळूहळू काढत बसावं लागलं. जी लाख आमच्या छताला तारते तीच अजिंठ्याला बाधली, कारण आमच्याकडे तिच्यावर रंग चढणार आहे आणि तिथे तीच वर होती. उजेडात उघडी राहिलेली लाख पिवळी पडतेच.

आता खरं महत्त्वाचं. हे सगळं मी क्रमाने सांगितलं, पण घडलं तसं नाही. धुणं चालू होतं त्या दुसऱ्या दिवशी, झरोक्याच्या जवळ, मी स्पंज दाबला आणि तळहाताएवढा सिमेंटचा पोपडा सुटून खाली पडला. जिथे आजीची खाट लावायची ठरली होती बरोबर तिथे. किलोभर तरी वजन असेल. वर बघतो तर लालभडक गंजलेली सळई.

तीन हात डिस्टेंपरखाली हे कुणाला दिसलं नव्हतं. त्याआधी काजळीखालीही दिसलं नव्हतं. काळ्या छतावर काळी चीर दिसत नाही.

हातोडीच्या दांड्याने सगळं छत ठोकून पाहिलं. चांगलं काँक्रीट टणटण वाजतं, सुटलेलं बद्द. तीन ठिकाणी बद्द आवाज आला आणि तिन्ही जागा भट्टीच्या वरच्या भागात. हिवाळ्याच्या सुट्टीनंतर कॉलेजला आलो तेव्हा स्ट्रक्चर्सच्या सरांना फोटो दाखवले. सरांनी दोनच प्रश्न विचारले. कव्हर किती होतं आणि भट्टी किती वर्षं चालली. मग लॅबमधून फिनॉल्फ्थॅलिनची छोटी बाटली दिली आणि म्हणाले, "ताज्या फोडलेल्या जागी टाक. गुलाबी कुठून सुरू होतं ते मोज."

ह्यामागचं शास्त्र आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे, अनुभवलेलं मात्र नसतं. काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या सळईवर एक संरक्षक पापुद्रा राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून त्या अल्काचं रूपांतर कार्बोनेटमध्ये करतो. अल्कता घटली, पापुद्रा गेला, ओलावा मिळाला की गंज. गंजाचं आकारमान लोखंडाच्या कितीतरी पट, म्हणून तो कव्हर ढकलून पाडतो. आमच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड भट्टी पुरवत होती, ओलावा दूध पुरवत होतं. रोज तीन घागरी! मी मोजलं तर फिनॉल्फ्थॅलिन पृष्ठभागापासून जवळजवळ तीन सेंटीमीटरपर्यंत बिनरंगी, त्याच्या आत गुलाबी. आणि कव्हर? कुठे आठ मिलिमीटर, कुठे दहा. आयएस ४५६ सौम्य वातावरणातसुद्धा किमान २० मिलिमीटर सांगतं, बारीक सळई असेल तर पाचची सूट. १९९६ च्या मिस्त्रीने सळईखाली ठोकळे ठेवलेच नव्हते. त्याला नावं ठेवत नाही, त्याला कुणी सांगितलंच नसेल.

सळई घासून व्हर्नियरने मोजली. मूळची ८ मिलिमीटर, एका जागी उरली ६. ऐकायला दोनच मिलिमीटर, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने जातं. ३६ भागिले ६४. म्हणजे चव्वेचाळीस टक्के पोलाद गेलेलं. सर म्हणाले, आता नुसता रंग नाही, आधी टेकू.

मे महिन्यात काम झालं. खाली टेकू दिले, बद्द वाजणारा सगळा भाग मिस्त्रींनी फोडला, सळया तारेच्या ब्रशने लख्ख केल्या. जिथे जास्त झिजल्या होत्या तिथे शेजारी नव्या सळया बांधल्या, झिजलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना व्यासाच्या सुमारे पन्नास पट लांबी घेऊन. गंजरोधक लेप, मग पॉलिमर मिसळलेला मसाला, थरांथरांनी. पाणी मारायला मी होतोच. सरांनी एकदा येऊन पाहिलं आणि जेवून गेले. आजीने त्यांना शेंगदाण्याची पोळी बांधून दिली.

इथे लाखेचा दुसरा धडा मिळाला. जुना पृष्ठभाग कार्बोनेट झालेला, तिथे अल्क उरलेलं नाही, म्हणून लाख टिकते. नवा मसाला ताजा सिमेंटचा, कडक अल्कधर्मी. तिथे लाख लावली तर जांभळ्या कोपऱ्याची पुनरावृत्ती. आणि तिथे लावायची गरजच नाही, कारण नव्या मसाल्यात धूर आहेच कुठे? म्हणून जुन्या भागाला लाख, नव्याला साधा सिमेंट प्राइमर, आणि हद्दीवर लाख बोटभरही पुढे जाऊ दिली नाही. लाखेवर हलका पोलीस कागद फिरवला म्हणजे वरचा रंग धरतो. लाखेनंतर डाग दिसतच राहतात, घाबरायचं नाही. ते खालीच थांबतात आणि रंगाच्या दोन हातांत झाकले जातात. अण्णांना हे पटवायला मात्र अर्धा दिवस गेला.

माळवदाचं थोडक्यात. आजी खोलीत गेली तरी माजघर तसंच आहे आणि तिथे अण्णा-आई झोपतात. तिथल्या तुळयाही धुराने काळ्या कुळकुळीत. आजीचं म्हणणं, धूर खाल्लेल्या लाकडाला कीड लागत नाही. त्यात तथ्य आहे, फिनॉल कीटकांना आणि बुरशीला मारकच असतं. तेव्हा ते लाकूड धुऊन-रंगवून 'सुंदर' करायला मी साफ नकार दिला. पण चूल बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. लाकडाला टोचणी लावून पाहिली तर एक सरा टोकाला, भिंतीत जातो तिथे, भुसभुशीत निघाला. तो बदलला. आणि वरचा मातीचा थर मोजला. दरवर्षीच्या भरीने दीड फूट झालेला. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे, घनमीटरला सोळाशे किलो धरले तरी, आठ टनांच्या आसपास वजन. १९९३ ला लोक ह्याच वजनाखाली गेले. किल्लारीचा परिसर तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता, २००२ साली तो तिसऱ्यात गेला. भूकंपानंतरच्या मजबुतीकरणात छतावरची माती कमी करणं हा एक मुख्य उपाय होता. आम्ही साधारण दहा इंच माती उतरवली. साडेचार टन! गावातली माणसं येऊन म्हणायची, "माळवद उघडं करता का? गळल की." वर प्लॅस्टिकचा कागद घालून त्यावर उरलेली माती ठोकून बसवली. यंदाच्या पावसात एका जागी गळलं, ते अण्णांनी पांढरी माती टाकून बंद केलं. फक्त घमेलंभर टाकली, मी फोनवर विचारून खात्री केली.

भट्टीच्या खोलीत झरोक्याच्या जागी आता मोठी खिडकी आहे. छताचा एक कोपरा, वीतभर चौरस, मी मुद्दाम लाख न लावता नुसता डिस्टेंपर मारून सोडलाय. तुलनेसाठी. दोन आठवड्यांत तिथे चहाचा रंग आला, त्याच्या भोवतीचं छत अजून पांढरं आहे. आजी आलेल्या-गेलेल्याला तो चौकोन दाखवून सांगते, "ही नातवाची परीक्षा."

आता आपल्या मेसबद्दल. स्वयंपाकघराच्या दारावरच्या छताला जे पिवळे डाग आहेत ते गळतीचे नाहीत असा माझा अंदाज आहे, कारण वर गच्ची नाही, दुसऱ्या मजल्यावरची खोली आहे आणि तिथे नळ नाही. वाढपीकाकांच्या परवानगीने झाडूच्या दांड्याने ठोकून पाहिलं, आवाज टणटण आला. म्हणजे नुसता धूर आणि फोडणी. रेक्टर सरांना तसा अर्ज दिला आहे. सुट्टीत रंगकाम निघणार असेल तर माझ्याकडे अर्धा किलो चपडा उरलेला आहे, तो द्यायला तयार आहे. स्पिरिट वसतिगृहात ठेवता येत नाही, ते त्यांनाच आणावं लागेल.

— अंतिम वर्ष, स्थापत्य